इसरूची सायकल

१

सावली गावाच्या बसस्टँडवरून बाजाराकडे वळलं की कय्यूम मिस्त्रीचं सायकलचं दुकान लागे. पुढे दुकान, मागे घर आणि दोहोंच्या मध्ये पत्र्याचं एक दार. पंक्चर काढणं, ओव्हरहॉलिंग करणं, वाकड्या चाकाची आउट काढणं ही रोजची कामं. पण मिस्त्रीचा खरा जीव होता तो आढ्याला टांगलेल्या जुन्या सायकलींत. एक विलायती, एक पोस्टाच्या लाल रंगाची, एक कंदील अडकवायचा आकडा असलेली. लोक हौसेनं कोंबडे पाळतात, कबुतरं पाळतात. यानं भंगार पाळलं होतं. त्याची बायको अमिना म्हणायची, "लोकाच्या घरी माणसाले जागा पुरत नाई, आपल्या घरी सायकली मजेत झोपून राह्यल्या."

त्या सगळ्यांत एक सायकल नव्हती, आणि तीच त्याच्या डोळ्यांत भरलेली होती. सत्त्याऐंशी साली पाखरांचा अभ्यास करणारा एक गोरा गिअरची तार तुटली म्हणून दुकानापुढे थांबला होता. त्याची सायकल कय्यूमनं कधी पाहिलीच नव्हती अशी होती. बोटभर गुंड्यांचे जाड टायर, अंगठ्यानं सरकवायचा गिअर, आणि सीटखाली एक छोटी मूठ. मूठ फिरवली की सीट झर्रकन वर-खाली व्हायची. डोंगर उतरताना सीट खाली घ्यायची, असं गोऱ्यानं हातवारे करून समजावलं. डोंगरात चालवायच्या सायकली तेव्हा त्याच्या देशातही नव्याच होत्या म्हणे. कय्यूमनं तार बसवली, बाजारापर्यंत एक फेरी मारली आणि ती फेरी त्याच्या पायांना पुढे पंधरा वर्षं आठवत राहिली.

गोरा मायदेशी गेला तेव्हा सायकल त्यानं आपल्या वाटाड्याला दिली. वाटाड्याचं नाव इसरू. मुलचेऱ्याच्या पलीकडच्या एका टोल्यावरचा, म्हणजे पाड्यावरचा, ठेंगणा, कमी बोलणारा माडिया गडी. त्यानं सीट पार खाली केली, मागे बांबूचं कॅरिअर बांधलं आणि आजारी माणसं दवाखान्यात न्यायला सुरुवात केली. बाळंतीण असो, ताप डोक्यात गेलेला असो, नाल्यापल्याडची हाक आली की इसरू निघे. इसरू कोणाला अर्ध्या वाटेत उतरवत नाही, असं त्या भागात बोललं जाई. कय्यूमच्या कानावर हे येई आणि त्याला त्या माणसाचं कौतुक वाटे, पण खरं सांगायचं तर सायकलीची काळजी जास्त वाटे.

२

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यात कय्यूम मुलचेऱ्याकडे गेला होता. तिथल्या एका बंगाली शेतकऱ्याकडे जुनी सायकल आहे असं कळलं होतं, ती निघाली साधीच. परतताना रस्त्याच्या कडेला मोहाच्या झाडाखाली त्याला ती दिसली.

एक उभा दगड रोवलेला होता. शेजारी उलटी टाकलेली बाज, बुडाला भोक पाडलेलं पाण्याचं गुंड, आणि झाडाला टेकवलेली सायकल. इसरू वारला, हे कय्यूमला तिथंच कळलं. मेलेल्याच्या वस्तू त्याच्या दगडापाशी ठेवायची तिकडची रीत त्याला ऐकून ठाऊक होती. मग त्यानं सायकल जवळून पाहिली. मधल्या नळीवर कुऱ्हाडीचा घाव होता, आरपार. दोन्ही टायर चिरलेले, मागच्या चाकाचे आरे कापलेले. कोणीतरी ती नीट, एकेक भाग घेऊन मोडली होती.

पलीकडच्या बांधावर इसरूचा भाऊ वारलू, बाजारातल्या तोंडओळखीचा, मोहफुलं वेचत होता. कय्यूम त्याच्याकडे गेला.

"वारलूभाऊ, हे इथी सडून जाईन. मी नेऊ का? मिस्त्री आहो मी, जपून ठेवीन."

वारलूनं टोपली खाली ठेवली. मान खाली घातली आणि जमिनीकडे पाहत उभा राहिला.

"चोरून नाई नेत. विचारून नेऊन राह्यलो," कय्यूम म्हणाला.

वारलू काही बोलला नाही. बाजारात वाढलेल्या माणसाला एक शिकवण असते, समोरचा गप्प राहिला की सौदा पटला. कय्यूमनं तेच धरलं. वारलूला मात्र नाही म्हणायचं असलं की तो खाली पाही, त्याचं नाही ते तेवढंच. हे कय्यूमला समजलं ते फार पुढे. त्या दुपारी त्यानं सायकल एसटीच्या टपावर चढवली आणि गाडी वळेपर्यंत वारलू तसाच खाली पाहत उभा होता.

३

मग महिनाभर मिस्त्रीचं गिऱ्हाइकांकडे लक्ष नव्हतं. सायकल त्यानं नटबोल्टापर्यंत सोडवली. रॉकेलमध्ये बुडवली, घासली, तेल दिलं. कॅरिअर मूळचं नव्हतं म्हणून त्यानं ते सोडून अंगणात टाकलं आणि अमिनानं चुलीत घातलं. ते ओल्या लाकडासारखं धुमसत राहिलं, पेटलं नाही. "उन्हाळ्यात वाळलेला बांबू, अन् पेटत काऊन नाई?" असं म्हणत तिनं ते वर रॉकेल ओतून जाळलं.

कुऱ्हाडीच्या घावाचं काम शेवटी. अशी हलकी नळी जास्त तापवली तर ठिसूळ होते, कमी तापवली तर टाका धरत नाही. कय्यूमनं गॅसची ज्योत बारीक केली, श्वास धरला आणि पितळ भरलं. टाका असा बसला की वरून बोट फिरवलं तर कळू नये. त्यानं बारा वर्षांच्या गुड्डीला, आपल्या मुलीला, हाक मारून दाखवलं.

"पाह्य. इथी तुटली होती म्हनून कोणी सांगन का?"

"कोणी तोडली होती, अब्बा?"

"कोणी का असंना. आता साबूत हाय."

नवे टायर चंद्रपूरहून आले. ज्या संध्याकाळी काम पुरं झालं त्या संध्याकाळी कय्यूमनं सीट आपल्या उंचीला वर घेतली, मूठ आवळली आणि बाजारापर्यंत फेरी मारली. इतकं सुख त्याला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं. परत येऊन त्यानं सायकल दुकानात भिंतीला लावली आणि तिच्याकडे पाहत पाहतच शटर ओढलं.

सकाळी नमाज पढून त्यानं शटर उघडलं. सीट पार खाली गेलेली होती.

४

मूठ ढिली राहिली असेल. त्यानं सीट वर घेतली, मूठ पकडीनं आवळली. दुसऱ्या दिवशी सीट खाली.

आता संशय गुड्डीवर. "लपून चालवून राह्यली ना?" गुड्डीनं कानाला हात लावून शपथ घेतली. कय्यूमनं तिला सीटवर बसवून पाहिलं. गुड्डी शिडशिडीत, पायानं उंच. इतक्या खालच्या सीटवर तिचे गुडघे हँडलला लागत होते. ही सीट तिच्यासाठी लावलेली नव्हती.

कय्यूम भुताखेतांच्या भानगडीत न पडणारा माणूस. यंत्र बिघडतं त्याला कारण असतं, ते सापडत नाही तोवर शोधायचं, एवढाच त्याचा धर्म होता म्हणा ना. त्यानं मूठच काढून टाकली आणि तिच्या जागी जाड बोल्ट घातला. सकाळी बोल्ट जागचा हलला नव्हता. सीट मात्र खाली होती, आणि तिच्या चकचकीत दांड्यावर वरून खालपर्यंत एक सरळ ओरखडा उमटला होता. जड माणूस बसला आणि दांडा दाबला गेला, तर असाच ओरखडा उठतो.

मनात शंकेची पाल चुकचुकली, पण त्यानं ती झटकली. साखळी घालून सायकल आढ्याला टांगली. अधांतरी सायकलीवर कोण बसणार? त्यानंतर सीट हलली नाही. म्हणजे, पार खाली होती तिथंच राहिली. ती पुन्हा वर घ्यायला आपला हात का उचलत नाही, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

५

पावसाळा लागला आणि गुड्डीला ताप आला. थंडी वाजून चढायचा, घाम येऊन उतरायचा. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या, सलाइन झालं, आता दोन-चार दिवसांत उतरेल म्हणून घरी पाठवलं. तो उतरला नाही. अमिना उशाशी बसून दुवा पढून पाण्यावर फुंकायची आणि चमच्यानं पोरीला पाजायची.

कय्यूम दुकान अर्धं उघडून बसे. अशाच एका दुपारी त्याची नजर वर गेली आणि हातातला पाना तसाच राहिला.

इसरूची सायकल टांगलेली होती. दोन्ही चाकं हवेत. पुढचं चाक गोल होतं. मागच्या चाकाचा टायर खालच्या बाजूला चपटा झाला होता.

हवा गेली असेल म्हणून त्यानं स्टूल घेऊन टायर दाबला. हवा टणक भरलेली. टायर जमिनीवर टेकला आणि वर कोणी डबलसीट बसलं की तो जसा दबतो तसा दबलेला होता. खाली जमीन नव्हती. त्यानं चाक फिरवून पाहिलं. चाक फिरलं, चपटा भाग फिरला नाही. तो खालीच राहिला. कय्यूम स्टुलावरून उतरला. त्याला भीती वाटली, साधी, लहान मुलासारखी.

अमिनाला त्यानं सांगितलं नाही. संध्याकाळी लाइट गेले. मगरिबची अजान नुकती संपली होती, बाहेर अजून उजेड होता. तो गुड्डीच्या बाजेपाशी जमिनीवर बसला होता. दुकानाकडचं पत्र्याचं दार लोटलेलं. ते दार खालून वीतभर आखूड होतं आणि त्या फटीतून दुकानाची फरशी दिसायची.

फरशीवर सायकलीचं चाक टेकलेलं होतं.

चाकाच्या अलीकडे एक पाऊल. अनवाणी, रुंद, बोटं फाकलेली, वर वाळलेला लाल गाळ. सायकल थांबवून माणूस एक पाय टेकवतो तसं टेकलेलं. आणि त्याच्या मागे, जमिनीला न लागणारी दोन बारीक पावलं लोंबत होती. डाव्या घोट्याला काळा दोरा.

कय्यूमनं मान वळवली. गुड्डी बाजेवर होती. चादरीतून तिचा डावा पाय बाहेर आला होता, घोट्याला काळा दोरा. तो दोरा अमिनानंच ताप आल्यावर बांधला होता.

तो उठला आणि दार ढकललं. दुकान रिकामं होतं. सायकल आढ्याला टांगलेली होती आणि साखळी कुरकुरत होती.

६

त्या रात्री त्यानं अमिनाला सगळं सांगितलं. ती रडली नाही, चिडलीही नाही. "ज्याची हाय त्याले देऊन टाका," एवढंच म्हणाली. पोरीला सोडून जाणं शक्य नव्हतं, म्हणून पहाटेच्या मुलचेरा एसटीच्या कंडक्टरजवळ त्यानं वारलूला निरोप धाडला.

वारलू दुपारीच आला. खांद्याला कुऱ्हाड, तिकडे माणूस घराबाहेर पडताना ती असतेच. कय्यूमनं सायकल खाली काढली. वारलूनं इकडेतिकडे न पाहता नेमकं पितळेच्या टाक्यावर बोट ठेवलं.

"हे तू केलं?"

"हो."

"चांगलं केलं. लय चांगलं केलं, म्हनून तं अडकला तो." वारलू उकिडवा बसला. "आमी कुऱ्हाड घालतो ते रागानं नाई, मिस्त्री. इथी मोडलं का वस्तू त्याची होते, तिथी चालते. तू इथी साबूत केलं. तिथी त्याच्याजवळ काई नाई राह्यलं. सायकल जिथी हाय, तिथीच येन ना तो."

"माया पोरीनं काय केलं त्याचं?"

"काई नाई केलं. बिमार मानूस दिसला का मागं बसवायचं, एवढंच त्याले ठाऊक हाय."

कय्यूमनं सायकलीकडे पाहिलं. पंधरा वर्षं हिच्यासाठी जीव टाकला होता, आणि आता तिच्याकडे पाहताना त्याला शिसारी येत होती. "तोड," तो म्हणाला. "आत्ता तोड. घेऊन जाऊ दे त्याले."

वारलूनं कुऱ्हाड उचलली आणि मागच्या चाकावर घाव घातला. दोन आरे तटकन तुटले.

आतून गुड्डीचा आवाज आला. किती दिवसांनी आला, आणि केवढा खणखणीत. जत्रेला निघालेल्या पोरीचा असतो तसा. "अम्मी, निघालो आमी!"

पाठोपाठ अमिनाची किंकाळी.

कय्यूम धावला. गुड्डीचे डोळे दाराकडे लागलेले, ओठांवर हसू, आणि छाती हलत नव्हती. त्या एका क्षणात त्याला सगळं उमगलं. सायकल साबूत होती म्हणून अडकली होती, आणि ती अडकली म्हणून तिच्यावर बसलेली दोघंही इथं होती. मोडली की ती निघणार. मागं बसलेलीला घेऊन निघणार.

तो तसाच उलटपावली दुकानात आला आणि वारलूच्या हातातली कुऱ्हाड त्यानं हिसकावली.

"तिले उतरव म्हन त्याले! तुया भाऊ हाय ना तो!"

"जित्तेपनी कोनाले उतरवलं नाई त्यानं," वारलू म्हणाला. "आता मायं आयकन का?"

कय्यूमनं पुढचं ऐकलंच नाही. तो आऱ्यांच्या डब्यावर तुटून पडला. दोन आरे काढले, हबमध्ये ओवले, रिमला निपल लावली. निपलचे आटे धरत नव्हते. वारलूनं न सांगता चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. आयुष्यभर हजारो चाकांची आउट काढलेला मिस्त्री त्या एका चाकापुढे ढसाढसा रडत होता आणि निपल आवळत होता. दुसरा आरा ताणला गेला, चाक सरळ फिरलं, आणि आतून श्वास ओढल्याचा मोठा आवाज आला. मग खोकला. मग अमिनाचं "या अल्ला, या अल्ला."

गुड्डीचा ताप त्याच संध्याकाळी उतरला.

जाताना वारलूनं कुऱ्हाड खांद्याला लावली. दारात थांबला. "मंग साबूतच ठेव मिस्त्री," तो म्हणाला. "ठेवता येते तोवर ठेव."

७

कय्यूमनं ठेवली. बाकीच्या जुन्या सायकली हळूहळू कोणाकोणाला देऊन टाकल्या, ही एकच राहिली. ती कोणी चालवत नसे, तरी तिची झीज होई. साखळी लांबायची, ब्रेकचे रबर घासायचे, आणि दर पावसाळ्यात पितळेच्या टाक्याला केसाएवढी चीर पडायची. कय्यूम ती पुन्हा भरायचा. पण नळी दर तापवण्याला थोडी पातळ होते, हे कोणत्याही मिस्त्रीला ठाऊक असतं. नवी नळी घालायची तर जुनी कापावी लागते, आणि कापायची त्याची छाती नव्हती.

गुड्डी मोठी झाली. दहावी झाली, बारावी झाली. हसती-खेळती पोर, कुणाला काही वेगळं दिसलं नसतं. तिला कधी कोणी काही सांगितलं नव्हतं; अमिनानं तशी शपथच घातली होती. इकडे कय्यूमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, तरी ज्योतीचा निळा शेंडा त्याला नीट दिसेना. दोन हजार नऊच्या पावसाळ्यात चीर पडली तेव्हा त्यानं गुड्डीला दुकानात बोलावलं आणि गॅसची बंदूक तिच्या हातात दिली.

"पोरीच्या हाती आग काऊन देता?" अमिना दारातून म्हणाली. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून ती आत गेली.

गुड्डीचा हात आश्चर्य वाटावं इतका स्थिर होता. ज्योत किती, पितळ कधी, तो सांगत गेला, ती करत गेली. टाका बसला. थंड झाल्यावर तिनं फडक्यानं नळी पुसली.

"अब्बा," ती म्हणाली, "तुमी सांगत नाई, पन मले ठाऊक हाय. मी अजून उतरली नाई ना?"

कय्यूमनं तिचा हात धरला. उबदार, जिता हात होता.

"आउट काढता ना तुमी, तवा मले पाठीत समजते," ती म्हणाली. "घाबरू नका. ते काका वाईट नाईत. बोलत नाईत काई. एक पाय टेकवून बसले हायत, वाट पाहून राह्यले."

"कशाची?" त्यानं विचारलं. सात वर्षं हा एकच प्रश्न त्यानं गिळून धरला होता.

गुड्डीनं त्याच्या हाताकडे पाहिलं, तो हात दोन्ही हातांत घेतला आणि हळूच म्हणाली, "तुमचे हात थकायची."

बाहेर पाऊस लागला होता. कय्यूम उठला, पेटीतून एक भंगार नळी काढली, कानसीनं तिच्यावर चीर पाडली आणि ती पोरीपुढे ठेवली.

"अजून एकदा कर," तो म्हणाला. "आता मले न विचारता कर."